भुशीचं पाणी आणि पर्यावरणाची एम.एस्सी.

वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने लोणावळ्याजवळ भुशी धरण बांधलं. इंजिनं गेली, धरण राहिलं. आता पावसाळ्यात ते भरून पायऱ्यांवरून वाहू लागलं, की पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. 30 जून 2024 रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि जिल्हा प्रशासनाने मावळातल्या पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. धरण रेल्वेचं, शहर नगरपरिषदेचं, वरचं रान वनखात्याचं, बंदोबस्त पोलिसांचा. मग गर्दी, कचरा आणि पाण्याचा एकत्र विचार करायचा कोणी?

असा विचार करणारी माणसं घडवण्यासाठीच पर्यावरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण असतं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. 1993 मध्ये भारती विद्यापीठाने पुण्यात पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था काढली. तिची धुरा सांभाळलेले डॉ. एरच भरुचा पेशाने शल्यचिकित्सक. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पदवीच्या विद्यार्थ्यांचं पर्यावरणाचं पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिलं.

एम.एस्सी.च्या अभ्यासाचा पाया प्रयोगशाळेत घातला जातो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, तर बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो. पाण्यात प्राणवायू नसेल तर तो पांढराच राहतो. आम्लात साका विरघळवून थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. स्टार्चचा निळा रंग उडाला, की ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. दुसरी बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवून तोच प्रयोग पुन्हा करायचा. या तीन दिवसांत जेवढा प्राणवायू खर्च झाला, त्यावरून पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा अंदाज येतो. भुशीची इंद्रायणी नदी पुढे देहू-आळंदीला जाते. वाटेत ती कुठे आणि किती बिघडते, हे असं टप्प्याटप्प्याने मोजता येतं.

पण आकडा हाती आला म्हणून काम संपत नाही. पुढे येतं व्यवस्थापन: भुशीला एका दिवशी किती माणसं सोडायची, गाड्या कुठे थांबवायच्या, कचरा कोण उचलणार, आणि गर्दी कमी झाली तर भजी-कणसांच्या टपऱ्यांवर पोट असलेल्यांनी काय करायचं. यासाठी रसायनशास्त्राइतकाच कायदा आणि समाजशास्त्रही लागतं.

या पदवीधरांना प्रदूषण नियंत्रण मंडळात, स्वयंसेवी संस्थांत आणि सल्लागार कंपन्यांत कामं मिळतात. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल लागतो. मात्र त्याचे पैसे प्रकल्पवालाच देतो. गैरसोयीचा आकडा अहवालात ठेवायचा की गाळायचा, हा प्रश्न तरुण सल्लागारासमोर उभा राहतो तो इथेच. टायट्रेशन सहा महिन्यांत हाताला बसतं. गैरसोयीचा आकडा न गाळण्याची हिंमतही अभ्यासक्रमातच मुरायला हवी.