केसाच्या जाडीत मावणारा धंदा

कारखानदारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठी शेड, भट्टी, क्रेन आणि दहा-वीस अश्वशक्तीच्या मोटारी उभ्या राहतात. पण यंत्रांच्या दुनियेत एक दुसरीही जमात आहे. ती आकाराने हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कधी त्याहून लहान. तिच्यात दोन जाती. एक जाणणारी, म्हणजे सेन्सर : वजन, दाब, कंप, धाग्याचा ताण टिपून त्याची विजेच्या भाषेत खबर देणारी. दुसरी हलणारी, म्हणजे ॲक्च्युएटर : विजेचा इशारा मिळताच नेमके तेवढेच सरकणारी, ढकलणारी, पकडणारी. सेन्सर हे यंत्राचे कान-डोळे समजा, ॲक्च्युएटर हे त्याचे बोट.

डिप्लोमा किंवा आय.टी.आय. केलेल्या आपल्या तरुणांना हल्ली असे सांगितले जाते की या धंद्याला जागा थोडी लागते, भांडवल थोडे लागते, फक्त डोके हवे. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय, ते ज्यांनी अशी उपकरणे शोधली त्यांच्या हकिकतीतून चांगले कळते.

वजनकाट्याच्या पोटातली तार

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, नाहीतर उसाची ट्रॉली मोजणारा वजनकाटा. दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट असते : धातूच्या ठोकळ्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेज. बोजा पडला की ठोकळा डोळ्याला न दिसेल इतका वाकतो, त्याच्याबरोबर गेजमधली तार ताणली जाते. ताणलेली तार लांब आणि बारीक होते, म्हणून तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. ही वाढ हजारात एक-दोन भागांची, कित्येकदा त्याहूनही कमी. ती मोजता आली की वजन कळले.

अमेरिकेत १९३८ साली एम.आय.टी. या संस्थेतले आर्थर रूग भूकंपात पाण्याची उंच टाकी कशी हलते याचा अभ्यास करत होते. टाकीचा नमुना इतका पातळ होता की त्यावर कोणतेही नेहमीचे मोजमापाचे साधन बसवले तर त्या साधनाच्या वजनानेच नमुन्याचे वागणे बदलावे. रूग यांनी अगदी बारीक तार पातळ कागदावर ठेवून चिकटवली आणि काम भागले. सुमारे त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत एडवर्ड सिमन्स हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत आले होते. बाजारात आलेल्या गेजचे नाव पडले एस.आर.-४. त्यातला ‘एस’ सिमन्सचा आणि ‘आर’ रूगचा.

आता व्यापाऱ्याने कान देऊन ऐकावे अशी गोष्ट. एम.आय.टी.च्या पेटंट समितीने रूग यांचा शोध तपासला आणि कळवले की वस्तू मजेदार आहे, पण तिचा व्यापारी उपयोग फार मोठा होईल असे दिसत नाही. समितीने हक्क रूग यांनाच सोडून दिले! आज जगातला कोणता कारखाना, कोणते विमान, कोणता पूल या गेजशिवाय तपासला जातो? मोठमोठ्या विद्वानांनाही बाजार ओळखता येत नाही, हे यातून दिसते. त्यामुळे एखाद्या जाणकाराने तुमच्या नमुन्याला नाक मुरडले म्हणून लगेच दुकान बंद करू नये.

सिमन्स यांची कथा उलटी आहे. त्यांच्या शोधावर संस्थेने हक्क सांगितला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सिमन्स यांच्या बाजूने निकाल दिला. वस्तू १९३८ ची, निकाल १९४९ चा. मधली वर्षे कोण भरून देणार? आपल्याकडच्या पेटंट कायद्यात नोकरदाराने लावलेल्या शोधाबद्दल स्वतंत्र कलम नाही. नोकरीच्या करारनाम्यात काय लिहिले आहे ते पाहिले जाते. नोकरीत असताना रात्री घरी काही बनवत असाल तर तो कागद आधी काढून वाचा.

लायटरमधला खडा

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर दाबला की ‘टक्’ आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. आत सिरॅमिकचा छोटा तुकडा असतो, त्याच्यावर स्प्रिंगची हातोडी बसते आणि त्या धक्क्याने काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. याला पीझो म्हणतात. पॅरिसमध्ये १८८० साली जाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी हा गुण क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांत शोधला. स्फटिक दाबला की वीज निघते. पुढच्याच वर्षी उलटेही सिद्ध झाले : वीज दिली की स्फटिक हलतो. म्हणजे एकच वस्तू कानही होते आणि बोटही होते.

शोध लागला, पण धंदा कुठे होता? क्यूरींच्याच शिष्यांपैकी पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी क्वार्ट्झचे तुकडे पोलादी पट्ट्यांच्या मध्ये बसवून पाण्यात आवाज सोडला, तेव्हा सदतीस वर्षे उलटून गेली होती. त्या प्रयोगात आवाजाच्या झोतात सापडलेले मासे मरतात हेही त्यांच्या नजरेला आले. हा आवाज जिवंत पेशींपर्यंत पोहोचतो याचा तो पहिला इशारा. आजची सोनोग्राफी त्याच घराण्यातली.

स्वस्त आणि जोरदार माल मात्र १९५० च्या दशकात मिळाला. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडपासून भाजलेले सिरॅमिक, ज्याला पीझेडटी म्हणतात, ते क्वार्ट्झच्या शंभरपटीहून जास्त वीज देते. लॅमिंग्टन रोडवर बझरच्या पितळी चकत्या मिळतात, त्यांच्यावरचा पांढरा थर याच जातीचा. हौस म्हणून चकत्या विकत घ्याव्यात. भट्टी लावून स्वतः भाजायच्या भानगडीत मात्र पडू नये. भाजताना शिशाची वाफ निघते, आणि शिसे हे विष आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर पुष्कळ नवशिक्यांचे पैसे बुडतात. पीझो सेन्सरमधली वीज हळूहळू झिरपून जाते. ठोका, कंप, इंजिनाच्या सिलिंडरमधला क्षणाक्षणाला बदलणारा दाब यांसाठी तो उत्तम. पण तासभर ठेवलेल्या पोत्याचे वजन त्याला विचाराल तर तो थोड्या वेळाने ‘शून्य’ सांगेल. तिथे स्ट्रेन गेजच हवी. स्वित्झर्लंडच्या वाल्टर किस्लर यांनी १९५० मध्ये चार्ज ॲम्प्लिफायरचे पेटंट घेतले, तेव्हाच क्वार्ट्झचे सेन्सर कारखान्यात खऱ्या अर्थाने कामाला लागले. कमाई स्फटिकात कमी आणि त्याच्या मागे जोडलेल्या जोडणीत जास्त, असे या धंद्यात पुन्हा पुन्हा दिसते.

अळीची चाल

पीझो बोट हलते, पण किती? दहा मिलिमीटर लांबीचा पीझो तुकडा पुरी वीज दिल्यावर सुमारे दहा मायक्रॉन वाढतो. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या सातव्या भागाइतकी हालचाल! एवढ्याशा हालचालीने कोणते काम होणार?

न्यूयॉर्क राज्यातल्या बर्ली इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने उत्तर बागेतल्या अळीकडून घेतले. एका दांड्याभोवती तीन पीझो नळ्या. पहिली दांडा आवळते, मधली लांबते, तिसरी आवळते, पहिली सोडते, मधली आखडते, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाठ उंचावून पुढे सरकणाऱ्या अळीसारखी ही चाल, म्हणून नाव ‘इंचवर्म’. पेटंट १९७५ चे. पाऊल काही मायक्रॉनचे, पण पावलांना अंत नाही, म्हणून लांबचा पल्लाही गाठता येतो, आणि पावलाच्या आत आणखी बारीक सरकता येते. त्यात गिअर नाहीत. ज्याने लेथवर काम केले आहे त्याला याचे मोल लगेच कळेल : गिअर आणि स्क्रू आला की ‘प्ले’ आला, चाक उलटे फिरवले की आधी फट भरते आणि मग काम सरकते.

पण हे विकत कोण घेणार? इथे जीवशास्त्र आले. जर्मनीतले एर्विन नेहर आणि बर्ट झाकमन यांनी १९७६ मध्ये पेशीच्या पातळ आवरणावर काचेची बारीक नळी टेकवून एकेका छिद्रातून वाहणारी वीज मोजली. नळीचे तोंड एखाद्या मायक्रॉनचे, वीज ॲम्पिअरच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या हिश्श्यात. या कामाला १९९१ चे नोबेल मिळाले. अशा कामात नळी एका तासात दोन-चार मायक्रॉन जरी आपोआप सरकली तरी पेशी सुटते आणि दिवसाची मेहनत वाया जाते. असा ग्राहक किमतीवर घासाघीस करत नाही, तो विचारतो : एकदा थांबल्यावर थांबूनच राहील ना? इंचवर्मसारख्या मोटारींना प्रयोगशाळांत जागा मिळाली ती या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असल्यामुळे.

कॅनडाच्या एक्सफो कंपनीने २००० साली बर्ली विकत घेतली. तिथून निघालेल्या मंडळींनी २००२ मध्ये न्यू स्केल टेक्नॉलॉजीज काढली आणि ‘स्क्विगल’ नावाची मोटर आणली. तिचे पेटंट २००५ चे. यात एका छोट्या नटला चार पीझो पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या नटला इतक्या वेगाने डोलवतात की कानाला ऐकू येत नाही. मुलींच्या कमरेभोवती फिरणाऱ्या रिंगणासारखा तो डोलतो आणि आतला स्क्रू घर्षणाने फिरत पुढे सरकतो. विजेची तार गुंडाळलेली मोटर जितकी लहान कराल तितकी तिची ताकद झपाट्याने घटते. ही मात्र काही मिलिमीटरच्या आकारातही जोर धरते आणि वीज बंद केली तरी जागा सोडत नाही.

पीझो मोटरवाल्यांचा डोळा त्या काळी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर होता. कोटींच्या संख्येत माल! पण फोनमध्ये फोकसचे काम मुख्यतः व्हॉइस कॉइलने पटकावले. ती म्हणजे लाउडस्पीकरसारखी चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी : साधी, स्वस्त आणि फोनपुरती पुरेशी. न्यू स्केलचा माल दुसरीकडे चांगला चालला. उंदराच्या मेंदूत ‘न्यूरोपिक्सेल’ नावाच्या सुया उतरवण्याच्या यंत्रांत. ही सुई २०१७ साली जगापुढे आली. रुंदी सुमारे सत्तर मायक्रॉन, तिच्यावर ९६० जाणणारे ठिपके. अशा अनेक सुया एकाच मेंदूत वेगवेगळ्या कोनांतून उतरवायच्या तर उतरवणारे यंत्रही बोटाएवढेच असले पाहिजे. तिथे व्हॉइस कॉइल चालत नाही.

जपानचे तोशिइकु साशिदा यांनाही असाच मार्ग काढावा लागला. त्यांची पहिली पीझो मोटर चालायची, पण कंप पावणारा तुकडा एकाच जागी घासून झिजायचा. मग १९८२ च्या सुमारास त्यांनी संपूर्ण कड्यावर लाट फिरवली, झीज सगळीकडे वाटली गेली. कॅननने १९८७ मध्ये ३०० मि.मी.च्या लेन्समध्ये अशी मोटर बसवली आणि आवाज न करता झटकन फोकस करणारी लेन्स बाजारात आली. या मोटारींत चुंबक नसतो, म्हणून एम.आर.आय. यंत्राजवळही त्या वापरता येतात.

आपल्या लूमजवळ

मालेगाव-भिवंडीच्या साध्या शटल लूमवर बाण्यासाठी फोर्क असतो, पण ताण्याचा धागा तुटला तर बहुधा कारागिराच्या नजरेवरच भिस्त. एका कारागिराकडे अनेक लूम असले की नजर चुकते आणि कापडात दोष विणला जातो. यावरचा इलाज जुना आहे : प्रत्येक धाग्यावर पोलादाची हलकी पट्टी, ड्रॉपर, टांगायची. धागा तुटला की पट्टी खाली पडते, दातेरी पट्टीला टेकते, विजेचे वर्तुळ पुरे होते आणि लूम थांबतो. सुधारित रॅपिअर लूमवर बाण्यासाठी पीझो डोळा असतो. सिरॅमिकवरून घासत जाणारा धागा कंप देतो, कंप थांबला की यंत्र थांबते.

मग अडचण कुठे आहे? उडणाऱ्या तंतूंत आणि तेलात. ड्रॉपर पडतो, पण मध्ये मळ असल्याने वीज पोहोचत नाही. किंवा धागा शाबूत असताना लूम उगाच थांबतो, आणि दोन दिवसांत कारागीर वायर काढून टाकतो. सर्किट बनवणारी मुले शेकडो मिळतील. आठ-आठ तास लूमजवळ उभे राहून ‘खोटे थांबणे’ किती वेळा झाले याची वहीत नोंद करणारा सापडत नाही. जो सापडेल त्याच्या हातात विकण्याजोगी वस्तू असेल.

वस्तू खरोखर नवी निघाली तर ती कोणाला विकण्याआधी किंवा छापण्याआधी पेटंटचा अर्ज टाकावा, नाहीतर नावीन्य जाते. काम अपुरे असेल तर तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो. पूर्ण तपशील बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. अर्ज लिहिताना ‘धागा तुटल्यावर लूम थांबवणारे यंत्र’ एवढेच लिहू नका, ते केव्हाच जुने झाले. मळ कसा टाळला, ते लिहा.