जुन्या मोटारीचा जन्मदाखला

बैल घ्यायला बाजारात गेलेला जाणता शेतकरी रंगवलेल्या शिंगांवर भुलत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि हळूच विचारतो, ‘कुठल्या गावचा? कुणाच्या दावणीचा?’ किमतीची बोली त्यानंतर. श्रोतेहो, परदेशात जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी हौसेने विकत घेणारे लोकही नेमके हेच करतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, तिच्यात मागाहून काय बदलले, हे ते आधी शोधतात. हे कसे ठरवतात, ते एका गाडीच्या उदाहरणाने पाहू.

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एम.जी.बी.’ नावाची मोटार तयार होत असे. मोटार लहानशी, दोन माणसांची, वरून उघडी. १९६५ मध्ये तिला पक्क्या छपराची ‘जी.टी.’ ही बहीण मिळाली. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या. अठरा वर्षांत गाडीचे नाव तेच राहिले, पण अंतरंग वरचेवर बदलत गेले. म्हणून ‘ही १९६३ ची अस्सल गाडी’ असे कुणी म्हटले, की ते तपासून घ्यावे लागते.

पहिला पुरावा म्हणजे चेसिस नंबर. तो एका पट्टीवर उमटवलेला असतो. सुरुवातीच्या गाडीवर ‘जीएचएन३’ अशी अक्षरे आणि पुढे अनुक्रमांक असतो. हा अनुक्रम १०१ पासून सुरू झाला. या अक्षरांना अर्थ आहे बरं का! ‘जी’ म्हणजे एम.जी. जातीची गाडी. ‘एच’ म्हणजे इंजिनाच्या आकाराचा वर्ग. ‘एन’ म्हणजे दोन माणसांची उघडी गाडी. छपराची असेल तर तिथे ‘डी’ येतो. तीनचा आकडा मालिकेचा. त्यापुढे ‘एल’ असेल तर चाक डावीकडे, म्हणजे गाडी परदेशी पाठवण्यासाठी केलेली. आता अशी अक्षरे असलेल्या गाडीचे चाक आज उजवीकडे दिसले, तर ते कुणीतरी मागाहून हलवले, हे उघडच आहे.

दुसरा पुरावा इंजिनाचा. त्याचाही नंबर एका पट्टीवर असतो. समजा, तिथे ‘१८जीबी-आरयू-एच’ असे लिहिले आहे. ‘१८’ हा आकडा अठराशे घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा. खरे माप १७९८. ‘बी’ म्हणजे इंजिनाची तिसरी आवृत्ती. ही १९६४ च्या अखेरीस आली आणि तिच्यात क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगे आहेत. ‘आर’ हे अक्षर सांगते की इंजिनामागे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लांबच्या पल्ल्यासाठी वेग राखून इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडणी, होती. म्हणजे १९६३ ची म्हणून दाखवलेल्या गाडीत ‘१८जीबी’ इंजिन सापडले, तर ते इंजिन तिचे जन्मापासूनचे नव्हे.

तिसरा पुरावा गाडीच्या अंगाखांद्यावर असतो. १९६५ पर्यंत दरवाजाच्या मुठी ओढून उघडायच्या होत्या. पुढे बटण दाबायच्या आल्या. १९६७ च्या अखेरीपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, वीज डायनॅमोवर तयार होई, आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. पुढे डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला आणि ऋण टोक अंगाला जोडू लागले. १९७४ च्या अखेरीस चकचकीत पोलादी बंपर गेले आणि काळे रबरी आले. तारांची चाके जादा पैशांत मिळत. त्या गाड्यांचा मागचा आस थोडा आखूड असे. साध्या चाकांच्या गाडीला कुणी मागाहून तारांची चाके लावली असतील, तर आसाची लांबी चुगली करते. रंगाचेही तसेच. बाहेरून गाडी लाल असेल, पण आतल्या पुठ्ठ्यामागे जुना निळा रंग डोकावतो.

आता तुम्ही म्हणाल, पट्ट्या काय, काढता येतात, दुसऱ्या लावता येतात. मुठी बदलता येतात. मग खरे कसे समजायचे? इथे चौथा पुरावा येतो, दप्तराचा. ॲबिंग्डनच्या कारखान्यात निघणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद वहीत होत असे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, जादा घेतलेले सामान, बांधणीची तारीख, कोणत्या मुलखात रवाना झाली ते, असा सारा तपशील तिथे मिळतो. वॉरिकशायर परगण्यात गेडन येथे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. जुन्या वह्या तिथे जपल्या आहेत, आणि मालकाने शुल्क भरले की त्यांवरून दाखला मिळतो. आपल्याकडे जमीन घेताना आपण सातबारा काढतो, जुने फेरफार पाहतो, तसाच हा प्रकार. पण नुसत्या सातबाऱ्यावर न थांबता शहाणा माणूस बांधावर जाऊन येतो ना? तसेच दाखला आणि गाडी शेजारी ठेवून दोन्ही जुळतात का, ते पाहावे लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण देतो. १९७३ ते १९७६ या काळात कारखान्याने जी.टी. गाडीत रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन घातले. अशा गाड्या निघाल्या अवघ्या २,५९१. त्यांचा नंबर ‘जीडी२डी१’ या अक्षरांनी सुरू होतो. साध्या जी.टी.त तसलेच इंजिन मागाहून बसवता येते. त्यात पाप काही नाही. कारखान्याच्याही आधी केन कॉस्टेलो या इंग्लिश गृहस्थांनी तशा गाड्या करून, तसे उघड सांगून विकल्या, आणि त्यांना आजही मान आहे. पण साध्या गाडीत इंजिन बसवायचे आणि ‘ही त्या २,५९१ पैकी एक’ म्हणून किंमत मागायची, ही लबाडी झाली. घेणारा फसतो, आणि खऱ्या गाडीच्या इतिहासातही खोटे मिसळते.

मित्रहो, यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘मूळ’ म्हणजे ‘उत्तम’ असे नव्हे. पाच बेअरिंगांचे इंजिन तीन बेअरिंगांच्या इंजिनापेक्षा दणकट आहे. जुन्या गाडीत ते कुणी घातले असेल, तर तो शहाणपणाच म्हणायचा. वापरातली वस्तू झिजते, मोडते, दुरुस्त होते; ती दुरुस्ती हासुद्धा तिचा इतिहासच. फक्त तो लपवू नये, लिहून ठेवावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. आपल्या शाळेतली जुनी घंटा, शिवणयंत्र किंवा गावातले जुने पाण्याचे इंजिन घ्या. त्यावरची पट्टी मुलांना वाचू द्या, डेडस्टॉक रजिस्टरातली नोंद काढा, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. तिन्ही जबान्या जुळतात का, ते मुलांनाच ठरवू द्या. जिथे जुळणार नाहीत, तिथे ‘असे का?’ म्हणून मुले आपण होऊन विचारतील. इतिहासाचा खरा धडा तिथूनच सुरू होतो.