डिचोलीची खाण आणि ‘डेटा मायनिंग’

डिचोली तालुक्यातल्या मुलाला प्रकल्पासाठी ‘मायनिंग’ हवं असतं. म्हणजे त्याच्या गावची लोहखनिजाची खाण, २०१२ साली गोवाभरच्या खाणींबरोबर बंद पडली ती. तो ग्रंथालयाच्या संगणकावर इंग्रजीत हा एकच शब्द टाकतो आणि पुढ्यात येतात ‘डेटा मायनिंग’ची पुस्तकं! संगणकाचं चुकलं असं नाही. ‘कोहा’सारख्या ग्रंथालय-प्रणालीतली नेहमीची सूची अक्षरं जुळवते, अर्थ नाही.

गोव्यात तर हे दुखणं जुनं आहे. पोर्तुगीज वळणाने डिचोली होते ‘बिचोलिम’, पेडणे ‘पेर्नेम’ आणि साखळी ‘सांकेलिम’. एकाच गावाबद्दलचं लिखाण देवनागरीत, रोमीत, मराठी-कोंकणीत, पोर्तुगीजमध्ये विखुरलेलं. हे सगळं एकच, हे आजवर ग्रंथपालाला ठाऊक असायचं, सूचीला नसायचं.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ती प्रत्येक शब्दाची आकड्यांची लांबलचक माळ करते. ज्या शब्दांची संगत सारखी, त्यांच्या माळाही सारख्या. त्यामुळे ‘खाण’, ‘लोहखनिज’, ‘ट्रकांची धूळ’ जवळ येतात आणि ‘डेटा मायनिंग’ लांब राहतं. अर्थात शिकायला मजकूर हवा. इंग्रजीचा ढीग पडलाय, मराठीचा त्यामानाने थोडा आणि कोंकणीचा त्याहून थोडा.

वाचायला मिळणं आता तितकं अवघड नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत सरकारी संस्थांसाठी सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. पेडण्यातलं विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ अंबिये महाविद्यालय किंवा साखळीचं शासकीय महाविद्यालय अशांसाठीच ती आहे. पण त्यातून नेमकं शोधायचं कसं?

मुलं चॅटबॉटला विचारतात आणि छापील यादी घेऊन काउंटरवर येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षही पटण्यासारखं. फक्त तसा लेख कुणी लिहिलेलाच नसतो! नुसता चॅटबॉट कपाटात जाऊन पाहत नाही, पुढचा शब्द कोणता शोभेल एवढंच ताडतो. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची, चॅटबॉटच्या मदतीने केलेली यादी आली; त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. तीही पुरवणीतच छापली होती, हे पुरवणीत लिहिताना जरा बोचतं.

‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ मधला चौथा नियम. चॅटबॉट तो पाळतो, पण ग्रंथपालाचा वेळ खर्चून. नसलेला लेख शोधून ‘नाही’ म्हणायला असलेल्या लेखापेक्षा जास्त वेळ लागतो.

तेव्हा मुलांनो, काउंटरवर येण्याआधी यादीतल्या प्रत्येक लेखाचा डीओआय, म्हणजे त्याची ऑनलाइन ओळख असलेला क्रमांक, उघडून बघा. उघडला तर तोच लेख आहे ना, हेही बघा. मराठी पुस्तकांना बहुधा तो क्रमांक नसतोच. त्यांच्यासाठी मराठी साहित्याच्या, ८९१.४६ क्रमांकाच्या कपाटापर्यंत चालत जावं लागतं.