तबकडीचा गोल्फ : खेळता खेळता चालणे

‘डॉक्टर, फिरायला वेळच मिळत नाही हो!’ मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला रोज चालायला सांगितले की हे उत्तर ठरलेलेच. वेळ नसतो हे अर्धसत्य. खरे म्हणजे नुसत्या चालण्याचा कंटाळा येतो. आठ दिवस उत्साह टिकतो, मग पाहुणे, लग्नसराई असे काही तरी निमित्त मिळते. अशांसाठी आज एका खेळाची ओळख करून द्यावयाची आहे. त्याचे नाव डिस्क गोल्फ, म्हणजेच तबकडीचा गोल्फ.

फ्रिसबी नावाची प्लॅस्टिकची तबकडी मुलांच्या परिचयाची आहे. अमेरिकेतील व्हॅम-ओ कंपनीने ती १९५७ साली बाजारात आणली. त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे मैदान आखले. पुढे साखळ्या लावलेली लोखंडी टोपलीही त्यांनीच तयार केली.

नियम सोपे आहेत. ठरलेल्या जागेवरून तबकडी टोपलीच्या दिशेने फेकायची. ती पडेल तेथवर चालत जायचे व तेथूनच पुढची फेक करायची. सर्वांत कमी फेकींत सगळ्या टोपल्या गाठणारा जिंकतो. मोठ्या मैदानावर १८ टोपल्या असतात. शाळेच्या आवारात ६ किंवा ९ पुरेत.

खऱ्या गोल्फला हिरवळ आणि भरपूर पाणी लागते. पर्जन्यछायेत मोडणाऱ्या आपल्या नगर जिल्ह्याच्या बऱ्याच भागाला ते परवडणारे नाही. तबकडीला मात्र मुरमाड, उंचसखल जमीन चालते. वाटेतला कडुलिंब किंवा गुलमोहर ही अडचण नसून खेळाची गंमत आहे. टोपली नसेल तर झाडाच्या खोडाला चुन्याचा पट्टा मारावा आणि त्याला तबकडी लागली की डाव पूर्ण समजावा.

आता हिशेब पाहा. प्रत्येकी ५० मीटरची ९ ठिकाणे म्हणजे ४५० मीटर. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे व भरकटलेली तबकडी आणणे धरले, तर एका फेरीत सुमारे पाऊण किलोमीटर चालणे होते. दोन फेऱ्यांत दीड किलोमीटर, शिवाय वाकणे, वळणे आणि खांद्याची हालचाल वेगळीच. मात्र रमतगमत चालून पुरेसा लाभ होणार नाही; दोन फेकींच्या मध्ये झपझप चालावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. आपल्याकडची स्थिती काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांना व्यायामाचा सर्वाधिक उपयोग होतो.

कबड्डीच्या संघात ज्याला कोणी घेत नाही तो जाडजूड मुलगा, दहावीनंतर मैदान सुटलेली मुलगी आणि साठीचे आजोबा हे तिघे एकाच डावात खेळू शकतात. येथे धावण्याची सक्ती नाही.

थोडी काळजी मात्र घ्यावी. सुरुवातीला पाच मिनिटे खांदे व कंबर सैल करावी. मधुमेहींचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो, म्हणून पहिले काही दिवस जोर लावू नये. बाभळीच्या काट्यांपासून जपण्यासाठी त्यांनी बूट घालावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये, खिशात साखर ठेवावी. छातीत दुखल्यास किंवा धाप लागल्यास खेळ लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. समोर कोणी असताना तबकडी फेकू नये. एप्रिल-मे महिन्यांत खेळ सकाळीच आटोपावा.

तबकडी झुडपात गेली तर हात घालू नये, काठीने काढावी. तरीही साप चावलाच, तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता थेट रुग्णालय गाठावे.

गावोगावची शाळेची मैदाने शाळा सुटल्यावर ओस पडतात. मुख्याध्यापकांची परवानगी, चुना आणि चार तबकड्या एवढ्यावर गावकऱ्यांना सुरुवात करता येईल. पालकसभेत हा विषय अवश्य काढावा.