अंगणाचा जुना कोबा

कोकणात घरापुढचा सिमेंटचा कोबा काही पावसाळ्यांत शेवाळतो, भेगाळतो. मग गवंडी त्यावर सिमेंटचा पातळ हात फिरवून देतो आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात.

आधी हातोडीने ठोकून पाहावं. बद्द आवाज आला, तर तिथला थर सुटलेला. तो छिन्नीने काढायलाच हवा. भेगेच्या दोन्ही कडा वर-खाली असतील, तर खालचा भराव खचला आहे. तिथे वरवरची मलमपट्टी म्हणजे पैसे पाण्यात. बाकी कोबा घासून, टोचे मारून खडबडीत करायचा, भिजवायचा, साचलेलं पाणी टिपायचं आणि सिमेंटची स्लरी फासून ती ओली असतानाच नवा थर टाकायचा. ढाळ घरापासून बाहेर, मीटरला निदान १ सेंटिमीटर.

त्यानंतर किमान ७ दिवस पाणी मारावं. गवंड्याची मजुरी वसूल होते ती इथेच.