उसाच्या मुलखातील युरिक ॲसिड
भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या आसमंतात, जेथे उसाचा रस आणि भिगवणची मासळी यांना तोटा नाही, तेथे बारामती-इंदापूरकराच्या रक्ततपासणीत युरिक ॲसिड वाढलेले निघाले, की आरोप प्रथम बिचाऱ्या तूरडाळीवर दाखल होतो. वस्तुतः डाळीतल्यासारख्या वनस्पतिजन्य प्युरिनांचा, म्हणजे ज्यांपासून युरिक ॲसिड बनते त्या द्रव्यांचा, अपराध अल्प असून, साखरेचा निम्मा भाग जो फ्रुक्टोज, तो यकृतात पचविताना पेशींतील ऊर्जाद्रव्य खर्ची पडते व त्याच्या अवशेषांतून हे आम्ल निपजते. त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश मूत्रपिंडे बाहेर टाकतात. डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे त्याचे स्फटिक सांध्यांत साचू शकतात आणि पायाचा अंगठा मध्यरात्री ठणकू लागतो. तथापि सांधेदुखी वा मुतखडा नसता, केवळ आकड्यावरून डॉक्टर बहुधा औषधाचा हुकूम काढीत नाहीत.