स्थानिक समुदायाची क्षमताबांधणी : प्रशिक्षणाचा आराखडा आणि गडचिरोलीचा अनुभव

प्रस्तावना :
ग्रामविकास, पाणलोट, आरोग्य अशा बहुतेक योजनांत क्षमताबांधणीसाठी प्रशिक्षणाची तरतूद असते. प्रत्यक्षात मात्र अनेकदा प्रशिक्षण म्हणजे एक-दोन दिवसांची व्याख्याने, उपस्थितीपत्रक आणि प्रमाणपत्र एवढाच अर्थ उरतो. माहिती दिली की क्षमता आली, हे त्यामागील गृहीतक होय. परंतु माहिती असणे आणि प्रसंगी काम करता येणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर प्रशिक्षणाच्या आराखड्यातूनच कसे कमी करता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेच्या आधारे केले आहे.

पार्श्वभूमी :
डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' या संस्थेद्वारे गडचिरोली जिल्ह्यात कार्य सुरू केले. बहुतांश बाळंतपणे घरीच होत आणि आजारी नवजात बालक रुग्णालयापर्यंत पोहोचत नसे. म्हणून १९९५ पासून ३९ गावांत, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली.

आराखड्याची वैशिष्ट्ये :
१) कामापासून सुरुवात : अभ्यासक्रम वैद्यकशास्त्राच्या प्रकरणांवरून न ठरवता नवजात बालके कशाने दगावतात यावरून ठरविण्यात आला. श्वास गुदमरणे, जंतुदोष, कमी वजन, अंग थंड पडणे या प्रत्येक संकटासाठी काय पाहायचे व काय करायचे, एवढेच शिकविले गेले.

२) शिकणाऱ्यास जुळणारे साधन : न्यूमोनिया ओळखण्यासाठी बालकाचे मिनिटातील श्वास मोजावे लागतात. निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंतची मोजणी अवघड जाते. यावर 'सर्च'ने मण्यांचे व वाळूच्या घड्याळाचे श्वासमापक तयार केले. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. येथे दाईची उणीव न मोजता साधनाची उणीव दूर केली गेली, हे लक्षणीय आहे.

३) जबाबदारीची चढती श्रेणी : पहिल्या वर्षी आरोग्यदूतांनी गृहभेटी, निरीक्षण व नोंदी केल्या. जंतुदोषावर इंजेक्शनसह उपचार करण्याची जबाबदारी १९९६ पासून सोपविण्यात आली. हात बसल्याशिवाय जोखमीचे काम दिले गेले नाही.

४) प्रशिक्षणोत्तर देखरेख : डॉक्टर गावात जाऊन नोंदी पडताळत व चुका दुरुस्त करीत. जामखेड येथील १९७० पासूनच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातही गावोगावच्या आरोग्यसेविका नियमितपणे केंद्रावर एकत्र येत. आठवड्यात आलेल्या अडचणी हाच त्यांचा पाठ असे.

फलित :
१९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी सेवा असलेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूदर २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. हे सर्व श्रेय केवळ प्रशिक्षणाचे नव्हे. औषधे, मातांचे आरोग्यशिक्षण व देखरेख यांचाही त्यात वाटा होता. तथापि योग्य प्रशिक्षणाअभावी तीच औषधे निरुपयोगी, प्रसंगी धोकादायक ठरली असती. पुढे २०११ मध्ये शासनाने ही पद्धती 'आशा' कार्यकर्तीमार्फत देशभर स्वीकारली. त्यासाठीचे २० दिवसांचे प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत विभागले गेले. मधल्या काळात शिकलेले वापरून पाहता यावे, हा त्यामागील विचार होय.

निष्कर्ष :
महाविद्यालयांच्या विस्तारकार्यातून बचतगट, ग्रामसभा वा शेतकरी गटांसाठी प्रशिक्षणे आखली जातात. तेथेही प्रथम विचारावयाचा प्रश्न 'काय शिकवायचे' हा नसून 'शिबिरानंतर कोणते काम, कोणी, कोणाच्या आधाराने करायचे' हा आहे. ग्रामसभेचे प्रशिक्षण असल्यास जमाखर्चाची प्रत्यक्ष वही वाचणे हा पाठ असावा. पुढील सभेत प्रश्न विचारला गेला का, हे मूल्यमापन असावे. उपस्थितांची संख्या हे खर्चाचे मोजमाप आहे, क्षमतेचे नव्हे. प्रशिक्षक निघून गेल्यानंतर गावात जे काम टिकते, तेच प्रशिक्षणाचे खरे फलित मानावे लागेल.